पहिला घाव आत्याचा

"लाड नकोत. बाजूला हो, नाहीतर तुझ्यासकट फोडीन," आत्या म्हणाली आणि तिनं हातोडा डोक्यावर नेला.

मी त्या कॉम्प्युटरला मिठी मारून बसले होते. खोटं नाही सांगत, खरंच मिठी. कारण तो माझा होता. म्हणजे शाळेचा, पण संगणक कक्षात खिडकीपाशी मी ज्याच्यासमोर बसायचे तोच. त्याच्या डब्यावर नेलपॉलिशचा जांभळा ठिपका मीच दिला होता. शाळेनं आम्हा सगळ्यांच्या हातात टॅबलेट ठेवले, संगणक कक्ष रिकामा केला, आणि ती सगळी वरात बाबांच्या ट्रकमधून थेट आत्या कामाला जाते त्या भंगार आवारात येऊन पडली. आता बोला!

"आत्या, निदान याला शेवटी घे ना."

"मेलेल्यांना रांग नसते, टकळे. ऊठ."

उठले. हातोडा आला तो डब्याच्या मागच्या कोपऱ्यावर, एकदाच. धाड्! बाजूचा पत्रा दार उघडावं तसा उघडून पडला आणि आतला पंखा, तारा, हिरव्या पट्ट्या सगळं बाहेर लोंबायला लागलं. एक घाव, दोन तुकडे. जांभळा ठिपका कुठे उडाला कळलंसुद्धा नाही.

तो आवाज झाला आणि मगच आवारातले बाकीचे सगळे तुटून पडले. कुणी मॉनिटरच्या मानेवर छिन्नी लावली, कुणी प्रिंटरच्या बरगड्या उचकटल्या, कुणी तारांची आतडी ओढून ढीग करू लागलं. काचा, ठिणग्या, शिव्या! आमच्या आवारात कान शाबूत ठेवायचे असतील तर कापसाचे बोळे घालून या.

पण आत्याच्या घावाआधी कुणी बोटसुद्धा लावायचं नाही, हा तिथला नियम. ट्रक आला की सगळे गोल उभे राहणार, आत्या पहिला घाव घालणार, मग बाकीच्यांचं काम सुरू. आत्याचा घाव पहिला पडला की त्या दिवशी कुणाला काच लागत नाही, अशी सगळ्यांची ठाम समजूत. हसू नका. गेंडाभाऊ एकदा हसला होता. धिप्पाड, मान नावाची वस्तूच नाही, म्हणून पाठीमागे सगळे त्याला नुसतं गेंडा म्हणायचे आणि तोंडावर गेंडाभाऊ. त्यानं एकदा आत्याच्या आधी मॉनिटर फोडला. मॉनिटरनंही त्याची भुवई फोडली. तो व्रण अजून आहे, आणि त्याच्यामागचा राग तर व्रणाहून ताजा आहे.

आत्याच्या हातोड्याला नाव आहे. "आमचे हे." म्हणजे ती सकाळी आली की विचारणार, "आमचे हे कुठायत?" दांडा सैल झाला की, "ह्यांना आज बरं नाही." खरे 'हे' होते तेव्हा ते आत्याला मारायचे. कपडे धुवायचा वार असतो ना, तसा त्यांचा मारायचा वार ठरलेला. एका दुपारी त्यांनी तिच्या तोंडावर कुलूप भिरकावलं. ओठ फाटला. आत्यानं तेच कुलूप उचललं आणि परत केलं, तेही भिरकावूनच. आधी त्यांचे पुढचे दात गेले, मग ते स्वतःच घर सोडून गेले. दुसऱ्या दिवशी आत्या फाटक्या ओठानं आवाराच्या गेटात उभी राहिली. मालक हसले आणि गंमत म्हणून तिच्या हातात हातोडा दिला. तिनं समोरच्या डब्याला एकच दिला. मालकांचं हसू तिथंच विरलं. ही गोष्ट बाबा मला लहानपणी जेवू घालताना सांगायचे.

"कसला कागद तो तुझ्या हातात?" आत्यानं घाम पुसत विचारलं.

"भाषण. वादविवाद स्पर्धा आहे. टॅबलेटमुळे घरातलं आणि कचेऱ्यांतलं संगणकाचं काम बदलेल काय? मी म्हणणार, बदलेल!"

"म्हणायचंय काय त्यात? कॉम्प्युटर संपतायत की नाही ते मला विचार. रोज मीच संपवते."

"हट्!" गेंडाभाऊ पलीकडून ओरडला. "पाटीवर कुणी कचेरी चालवतं का? पाटी पोरांनी गिरवायला. मशीन म्हटलं की वजन पाहिजे, माणूस म्हटलं की वजन पाहिजे."

"तुमच्याकडे नुसतं वजनच आहे, भाऊ," मी म्हटलं.

त्यानं एक माउस शेपटीला धरून गरगर फिरवला आणि माझ्या दिशेनं सोडला. मी वाकले. माउस मागच्या पत्र्यावर फुटला. आमच्याकडे विनोदाला दाद अशीच मिळते.

आणि मग त्या पाट्या आल्या. घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीच्या. आधी त्यांच्याकडे टेबलाटेबलावर कॉम्प्युटर होते, ते आम्ही कधीच फोडून संपवले होते. त्यांच्या जागी माणसामाणसाच्या हातात टॅबलेट आले, आणि आता तेही बाद होऊन बाबांच्या ट्रकमध्ये.

"ताई, आज माल अगदी हलका," बाबा खोका उतरवत म्हणाले. "पिसं आणल्यासारखं वाटलं."

"आल्या कधी नि मेल्या कधी!" आत्यानं एक पाटी उचलून उलटीपालटी केली. "उघडायचं कुठून? हिला ना स्क्रू, ना फट, ना कोपरा."

"मी गुडघ्यावर मोडून देतो," गेंडाभाऊ म्हणाला.

"पहिला घाव कुणाचा?"

त्यानं दातओठ खाल्ले.

सगळे गोल उभे राहिले. आत्यानं लोखंडी ठोकळ्यावर पाटी ठेवली. तिला काहीच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तिनं आयुष्यभर जे केलं तेच केलं. पाय रोवले, खांदा उचलला, आणि जीव खाऊन दिला.

धाड् झालंच नाही. चिरडल्यासारखा आवाज आला, मग फुस्सकन पांढऱ्या धुराचा फवारा उडाला, आणि पाटीतून आग उसळली. साधी आग नाही, फुत्कारणारी. आत्यानं पाटी ठोकळ्यावरून ढकलायला उजवा हात घातला आणि आतलं बॅटरीचं ते जळतं पाकीट तिच्या हातमोज्याला चिकटलं. ती हात झटकते आहे, आग सुटत नाही. झटकलेली एक ठिणगी खोक्यात पडली. खोक्यातली दुसरी पाटी पेटली, तिनं तिसरी पेटवली. धुरानं डोळे फुटायची वेळ आली. आवारात काम करणाऱ्या बायका किंचाळत गेटाकडे पळाल्या, बाबांनी पेटता खोका लाथ मारून उघड्यावर लोटला आणि त्यावर वाळूच्या बादल्या ओतायला लागले.

आत्याचा हातमोजा ओढला तो गेंडाभाऊनं. ते मान्य करायलाच हवं. पण ओढला तो असा की मोज्याबरोबर तळव्याची कातडीही आली. आत्या ओरडली नाही. तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं. त्याहून ओरडली असती तर बरं, असं मला वाटलं.

आग विझली. सगळे खोकत होते. मालक केस ओढत, पाय आपटत आले. आणि गेंडाभाऊनं काय करावं? त्यानं खाली पडलेला हातोडा उचलला.

"झालं तुमचं, बाई," तो म्हणाला. "पहिला घाव, पहिला घाव! आख्खं आवार जाळत होतात. आजपासून पहिला हात माझा."

"ह्यांना खाली ठेव," आत्या म्हणाली.

"नाही ठेवत."

"खाली ठेव म्हणते ना!"

"काय करशील? उरलाय का हात?" आणि त्यानं तिचं भाजलेलं मनगट धरून पिळलं.

आत्यानं डोकं मागे नेलं आणि त्याच्या नाकावर आणून आपटलं. रक्ताची धार लागली. तो मागे सरकला, पण मनगट सोडेना. हातोड्याच्या दांड्यानं त्यानं तिच्या बरगडीत मारलं, एकदा, दोनदा. आत्या गुडघ्यावर आली. तिनं त्याच्या पोटरीचा चावा घेतला. आणि मी? मी शाळेत मागच्या वर्षापर्यंत हजेरीला "उपस्थित" म्हणतानासुद्धा पुटपुटायचे, ती मी! मी ढिगातला एक कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या पाठीत असा घातला की बटणं दातांसारखी चहूकडे उडाली. तो वळला. त्यानं मला एक थोबाडीत दिली. डोळ्यांपुढे तारे चमकतात म्हणतात ना, ते अगदी खरं आहे. तेवढ्यात बाबा मधे आले, आणि माझे गरीब बाबा, जे ट्रकचा हॉर्नसुद्धा चोरून वाजवतात, त्यांनी गेंडाभाऊच्या गळ्याभोवती साखळी टाकली.

"पुरे!" मालक ओरडले. "जंगली आहात का सगळे? ऐका. आता हाच माल येणार. कचेऱ्या पाट्यांवर चालल्यात, दवाखाने पाट्यांवर चाललेत. परवा दुपारी नवा ट्रक येतोय. तुमच्या दोघांपैकी जो हे न पेटवता उघडेल, त्याचा पहिला हात. दुसऱ्यानं गेटाबाहेर व्हायचं. मला रोज आग नको आणि रोज मारामारी नको."

"आणि कुणालाच नाही जमलं तर?" बाबांनी विचारलं.

"तर दोघंही बाहेर."

दुसऱ्या दिवशी मी आत्याबरोबर दवाखान्यात गेले. माझा गाल सुजून टम्म झाला होता आणि मला त्याचा भयंकर अभिमान वाटत होता. पट्टी बदलणाऱ्या माणसानं आत्याच्या हातावरची जाळी धरली आणि फर्रकन ओढली. ती जखमेला चिकटलेली होती. आत्याच्या डाव्या हातानं आपलं काम केलं. त्याचा चष्मा पार औषधांच्या कपाटापर्यंत गेला.

"मारता काय, बाई!"

"ओढतोस काय, मेल्या!"

आवाज ऐकून नर्स आल्या. बुटक्या, केस पांढरे, कुणालाही न घाबरणाऱ्या. त्यांनी आधी त्या माणसाला बाहेर काढलं, मग आत्याला एक टपली दिली. हो, आत्याला! मी डोळे मिटून घेतले, पण काहीच झालं नाही.

"चिकटलेलं ओढायचं नसतं," नर्स म्हणाल्या. त्यांनी जाळीवर कोमट पाण्याचा बोळा ठेवला. "ऊब द्यायची. मग गप्प बसायचं. ते आपणहून सोडतं."

"किती वेळ?"

"त्याला लागेल तितका. घाई तुम्हाला आहे, जखमेला नाही."

आत्या बोळ्याकडे बघत बसली. मग नर्सनी जाळीची कड चिमटीत धरली आणि ती उचलली, दुधावरची साय उचलतात ना, तशी. आत्याच्या तोंडून हूं की चूं आलं नाही.

वाटेभर ती पट्टीची कड बोटानं चाचपत होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुझी पाटी आण."

मी टॅबलेट छातीशी धरला. "आत्या, हा जिवंत आहे!"

"मारत नाही गं. आण."

तिनं डाव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं. काही झालं नाही. परत टेकवलं. पडदा ढिम्म. इतकी वर्षं हातोडा धरून तिच्या बोटांना असे घट्टे पडलेत की काचेला ते बोट बोट वाटतच नव्हतं.

"हिला मी कळतच नाही की," ती म्हणाली. तिचा हात वर गेला. एक द्यायचीच होती तिला. मग हात खाली आला आणि पाटीच्या कडेवरून फिरत राहिला. "स्क्रू नाही. फट नाही. म्हणजे चिकटवलेलं आहे." तिनं आपल्या पट्टीकडे पाहिलं. "चिकटवलंय, टकळे."

"मग?"

"मग गरम पाण्याची पिशवी कुठाय ती शोध."

बाबांनी त्या जळक्या खोक्यातून वाचलेल्या दोन-चार पाट्या आणल्या. संध्याकाळभर आत्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून डाव्या हातानं त्यांना शेक देत होती. पहिली काच तिच्या हातात तडकली. तिनं पाटी वाळूच्या बादलीत खुपसली, स्वतःच्याच मांडीवर बुक्की मारली आणि दुसरी घेतली. मी भाषण पाठ करत होते आणि तिला बघत होते. माणसाला मारायचं सोडायला किती जोर लागतो, ते मी तेव्हा पाहिलं. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. दुसरीही तडकली. तिसरीची एकच कड सुटली, आणि तेवढ्यात पाणी गार झालं.

परवाचा दिवस उजाडला. सकाळी माझी स्पर्धा. व्यासपीठावर उभं राहिल्यावर पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "टॅबलेटनं जग बदलेल की नाही हे तुम्ही ठरवा. आमच्या घरातला एक हात त्यानं आधीच बदलला आहे." मग आत्याची गोष्ट सांगितली, सुजलेल्या गालासकट. सभागृह असं चिडीचूप झालं की मजा आली! पहिला नंबर मात्र दुसऱ्या मुलीला मिळाला. ती म्हणाली, मोठाले तक्ते आणि लांबलचक पत्रं काचेवर बोट घासून होत नाहीत, त्याला टेबल लागतं, बैठक लागते, कीबोर्ड लागतो. कॉम्प्युटर मरणार नाही, फक्त कमी दिसेल. तिचंही खोटं नव्हतं. माझा दुसरा नंबर घेऊन मी पळतच आवारात गेले.

ट्रक आला होता. नुसत्या पाट्या, एकही जुना डबा नाही. सगळे गोल उभे होते. मालक हाताची घडी घालून, बाबा वाळूची बादली घेऊन.

"आधी मी," गेंडाभाऊ म्हणाला. नाकावर पट्टी, आवाज गेंगाणा. त्यानं पातळ छिन्नी आणली होती. डोकं चालवलं होतं त्यानंही, उगाच नावं का ठेवा. पाटी मांडीशी दाबून त्यानं कडेला छिन्नी लावली आणि रेटली. काच फुटून सुऱ्यांसारखी वर आली. एक सुरा त्याच्या अंगठ्याच्या मुळात घुसला. तो थांबला नाही, अजून रेटलं, आणि आत काहीतरी फुगायला लागलं. पाटीचं पोट वर आलं.

"टाक! टाक ते!" आत्या ओरडली.

त्यानं भिरकावली. पाटी हवेतच पेटली आणि भिंतीवर जाऊन फुत्कारत राहिली. बाबांनी वाळू ओतली. गेंडाभाऊच्या मनगटावरून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. तो कुणाकडेच बघत नव्हता.

आत्या लोखंडी ठोकळ्यापाशी आली. हातोडा तिथंच ठेवलेला. तिनं तो डाव्या हातानं उचलला, आणि मालक चक्क दोन पावलं मागे सरले. पण तिनं तो माझ्याकडे दिला.

"आमच्या ह्यांना आत सावलीत ठेव."

मग ती जमिनीवर मांडी घालून बसली. गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर पाटी. पट्टी बांधलेला हात मांडीत, डावा हात पाटीवर, ताप बघावा तसा. आणि ती वाट बघू लागली.

"काय, पाय शेकताय का, बाई?" कुणीतरी मागून म्हणालं. थोडे हसले. आत्या वाट बघत होती. मालकांनी घसा खाकरला. आत्या वाट बघत होती. मला वाटलं, ही आता उठेल आणि एखाद्याच्या कानाखाली काढेल. मी तर कानाखालचं ते गिऱ्हाईकही हेरून ठेवलं होतं.

"काहीतरी पातळ दे," ती म्हणाली.

माझ्या गळ्यात शाळेचं ओळखपत्र होतं, प्लॅस्टिकचं. काढून दिलं. तिनं ते कडेला टेकवलं आणि सरकवलं. माझा फोटो काचेखाली हळूहळू आत गेला, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, वळणावर थांबत थांबत. मग तिनं घट्ट्यांच्या त्या बोटांनी कड चिमटीत धरली आणि काच उचलली. आख्खी. खाली काळं पाकीट निवांत पडलेलं होतं, झोपलेल्या मांजरासारखं.

कसलाच आवाज झाला नाही.

सगळे तसेच उभे. मागच्या रांगेतल्या बायका टाचा उंचावून बघत होत्या. छिन्न्या हातात, कान टवकारलेले. त्यांना अजून कळलंच नव्हतं. त्या आवाजाची वाट बघत होत्या.

"घाला ना, बाई, पहिला घाव," एक जण म्हणाली. "खोळंबलोय सगळे."

"झालाय," आत्या म्हणाली.

कुणी हललं नाही. मग गेंडाभाऊच पुढे आला. रक्ताळलेला हात शर्टात गुंडाळलेला, दुसऱ्या हातानं त्यानं गेटावरची आपली पिशवी उचलली. जाता जाता ठोकळ्यापाशी थांबला, उघड्या पाटीकडे पाहिलं आणि त्या सगळ्यांवर खेकसला, "ऐकू येत नाही का? झालाय म्हणतायत ना त्या!"

"आणि तू कुठे निघालास?" आत्यानं मान वर न करता विचारलं. "आधी दवाखान्यात जा. तिथल्या नर्सकडेच दाखव. मग ये. शेकायच्या पिशवीत पाणी भरायला माणूस लागेल मला."

त्यानं मालकांकडे पाहिलं. मालकांनी तिकडे न बघितल्यासारखं केलं.

बायका एकेक करून खाली बसल्या. कुणी किटली चढवली, कुणी पिशव्यांबद्दल विचारलं. आवारात इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. लांबच्या रस्त्यावरची सायकलची घंटासुद्धा आत येत होती. आत्यानं दुसरी पाटी घेतली आणि पिशवीवर ठेवली. ठेवताना तिचा उजवा खांदा एकदा आपोआप वर उचलला गेला, आणि तसाच, रिकामा, खाली आला.